तीनशे ग्रॅमच्या आत

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

काल दुपारी मनमाडहून इथे नाशिकला टेम्पो आला. बाबांची पुस्तकं, एक पृथ्वीचा गोल, आईची ट्रंक आणि ड्रायव्हरशेजारी पिशवी मांडीवर घेतलेली आई. पुस्तकं मोजली: सहाशे बारा. हॉलमधला दिवाण आता दिसत नाही. माझा नवरा मनोज प्रेसमधून आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "घरात यायचं कुठून, तेवढं सांगून ठेव."

बाबा जुलैत गेले. मनमाड जंक्शनच्या पार्सल ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं काढली. भिकन हे नाव फक्त पगारपत्रकावर; गावात ते पार्सलबाबू. पुण्याहून माझ्या भावाचं, राजचं, एकच म्हणणं: "ताई, रद्दीवाला वजनावर घेऊन जाईल, एका दिवसात मोकळी होशील." त्याचं चूक नाही, त्याचं घर दोन खोल्यांचं. पण जो माणूस जन्मभर दुसऱ्यांचं सामान तोलत बसला, त्याची पुस्तकं रद्दीच्या काट्यावर चढवायची हे मला जमणार नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक आहे, म्हणून असं वाटतं की ही नुसती माझी खोड आहे, कोण जाणे.

ठरवलं आहे: ज्याला वाचायचंय त्याला द्यायची. पुस्तक फुकट, टपालखर्च त्याचा.

आईला विचारलं. "दे," म्हणाली. "ती संपेस्तोवर राहते तुझ्याकडं. मग मला मनमाडला सोड." तिथल्या घरमालकाला जानेवारीअखेर किल्ली द्यायची आहे, नाहीतर भाडं पुढे चालू. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती तिथे एकटी काय करणार? जुलैपासून ती ताटात अर्धी भाकरी ठेवून उठते. आणि मी जितक्या लवकर पुस्तकं पाठवीन तितक्या लवकर ती जाणार. हे इथे लिहून ठेवते. पुढे माझ्या हातून काम रेंगाळलं, तर त्याचं कारण निदान मला तरी माहीत असावं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कॉलेज सुटल्यावर पोस्टात गेले. पार्सलच्या खिडकीवर राखी नावाची तिशीतली मुलगी असते, छातीवर पाटी आहे. मी वही उघडल्यावर तिने माझ्याकडे जरा भीतीने पाहिलं. तरी नीट समजावलं. साध्या पार्सलाला वजन आणि अंतर दोन्ही बघतात. देवळ्याला एक दर, दिल्लीला दुसरा. खोकं मोठं असेल तर त्याचं मापही घेतात. पुस्तकांना मात्र सवलत आहे. फक्त वजन. देशात कुठेही पाठवा, दर एकच. पहिला टप्पा तीनशे ग्रॅमचा, मग पाचशे, मग किलो.

"तीनशे एक झालं तर?"

"मग पुढचा टप्पा. एक ग्रॅम वाढो नाहीतर दीडशे, पैसे तेवढेच."

"हे जरा अन्यायाचं नाही वाटत?"

"मॅडम, कुठेतरी रेघ मारायला लागतेच ना."

अटी लिहून घेतल्या. आत फक्त पुस्तक. जाहिरात नाही, चिठ्ठी नाही. एक बाजू उघडता येईल अशी ठेवायची, कारण मधूनमधून तपासतात.

घरी येताना विचार करत होते. इथल्या जेल रोडवरून शेजारच्या उपनगर भागात पुस्तक पाठवणारा आणि आसामला पाठवणारा, दोघांना एकच दर. म्हणजे जवळचा माणूस लांबच्या माणसाचं थोडं भाडं भरतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं. पण वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

वाचकांच्या दोन व्हॉट्सॲप गटांवर यादी टाकली. संध्याकाळपर्यंत सत्तावीस मागण्या.

पहिली पाच पुस्तकं मी खाकी कागदात बांधायला घेतली. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे काय गुंडाळतीस? भजी बांधतीस का?"

ट्रंकेतून तिने दाभण आणि सुताचा गुंडा काढला. मी विसरूनच गेले होते. आम्ही लहान असताना आई मनमाडच्या पोस्टाबाहेर बसून लोकांची पार्सलं कापडात शिवून द्यायची. स्टेशनवर तिला चौपट काम मिळालं असतं, पण बाबांनी तिला तिथे बसू दिलं नाही. बाबूची बायको म्हणून गिऱ्हाईक मिळतं असं कुणी म्हणायला नको. ती त्यावर एक अक्षर बोलली नव्हती, असं मला आठवतं. आता मला त्यात बाबांचाच मोठेपणा दिसतो की दुसरंही काही, नक्की सांगता येत नाही.

मांजरपाट आणला. तीन बाजूंना पक्की शिवण, चौथीला कच्चा टाका. धागा ओढला की उघडतं. पद्धत ठरली. सकाळी मी पुस्तक आणि कापड एकत्र तोलते, वाचकाला नेमका खर्च कळवते, पैसे आले की आई दुपारी शिवते, दुसऱ्या दिवशी मी पोस्टात नेते. शिवण्याआधी आई प्रत्येक पुस्तकाचं नाव मला मोठ्याने वाचायला लावते, आणि घेणारा कोण, कुठला, बाई की बाप्या, तेही विचारते. "शिवताना माणूस डोळ्यापुढं असला की टाका सरळ पडतो," म्हणते. जुन्या माणसांच्या समजुती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

विचित्र. घरी दोनशे शहाण्णव भरलेलं पुस्तक पोस्टात तीनशे तीन. दुसरं चारशे चौऱ्याण्णव, तिथे पाचशे दोन. वरच्या टप्प्याचे पैसे मी भरले. वाचकांकडून मागणं बरोबर नाही, हिशेब माझा चुकला.

मनातल्या मनात पोस्टाच्या काट्यावर संशय घेतला आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पेठकडच्या एका आश्रमशाळेतले शिक्षक, यादव गावित, यांना पुस्तकाबरोबर पृथ्वीचा गोलही हवा आहे. मुलांना दाखवायला. गोलाचं वजन जेमतेम दीड किलो. खोक्यात घालून पोस्टात नेला. राखीने टेप लावली: चाळीस गुणिले चाळीस गुणिले चाळीस, भागिले पाच हजार. बारा किलो आठशे!

"पण यात तर हवाच आहे," मी म्हटलं.

"गाडीत हवेलाही जागा लागते ना, मॅडम."

घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसली. जुलैनंतर पहिल्यांदा आवाज करून हसली. "त्यात काय नवल! कापसाच्या गाठी, टोपल्या, पिंजरे, तुझे बाबा समद्याला टेप लावायचे. लोक भांडायचे, बाबू, हवा तोलतो का तू? ते म्हणायचे, हवा नाय तोलत, हवेनं अडवलेली जागा तोलतो."

गावित सरांना कळवलं. म्हणाले, "राहू द्या ताई, रविवारी एसटीनं येतो, मांडीवर नेतो. मांडीला भाडं नाही."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या काट्याची परीक्षा घेतली. किलोचं मिठाचं पाकीट, पाव किलो चहा, मग दोन्ही मिळून. काटा बरोबर आहे. मग फरक येतो कुठून? आणि तोही सारखा नाही. कधी चार ग्रॅम, कधी नऊ. सूत एवढं भरत नाही, सूत मी तोललं.

मनोज म्हणाला, "पुस्तकं इथलं पाणी पितात बहुतेक. नाशिकची हवा मानवली त्यांना."

मी यावर खरंच दोन दिवस विचार केला. मनमाडपेक्षा इथे दमट असेलही. पण रात्रीतून नऊ ग्रॅम?

आता प्रत्येक पुस्तकामागे दहा ग्रॅम जास्त धरून खर्च कळवते आणि जास्त झालेले पैसे परत पाठवते. काल एका बाईंना तीन रुपये परत केले. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. कौतुक होतं की चेष्टा, कळलं नाही.

आईने कॉलेजमधले आणखी पाठकोरे कागद मागितले. भाजीची यादी करायला. गड्डाच आणून दिला.

६ डिसेंबर, शनिवार

दरवर्षी आज बाबा दादरला असायचे. चैत्यभूमीला वंदन आणि मग पुस्तकांचे स्टॉल. परतताना खांद्याला दोन पिशव्या. घरी आल्यावर आधी हातपाय धुवायचे, मग पुस्तकांवर नाव-तारीख घालायची.

सकाळी आम्ही तिघांनी मेणबत्ती लावली, वंदना घेतली. आईच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला निळा डाग दिसला. कपड्यांची नीळ असेल. पण आम्ही नीळ वापरत नाही. विचारायचं राहून गेलं.

आईला पुस्तकांचं कधी काही नव्हतं. बाबांनी तिला साक्षरतेच्या वर्गात घातलं, तेव्हा ती चाळिशीची होती. सही करते, किराण्याची यादी करते, त्यापुढे काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. त्यामुळे पुस्तकं जाताना तिला काय वाटत असेल, याचा मला अंदाज येत नाही. कदाचित घर रिकामं होतंय याचंच बरं वाटत असेल. असा विचार करणं तिच्यावर अन्याय आहे का?

११ डिसेंबर, गुरुवार

इगतपुरीच्या वत्सलाबाई म्हणून एक निवृत्त नर्स आहेत, त्यांना औषधी वनस्पतींवरचं पुस्तक पाठवलं होतं. त्यांचा फोन आला. पोचल्याचं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "आणि आजींना विचारा, मग पातळ मिळालं का शेवटी?"

"कसलं पातळ?"

"तुम्ही फक्त विचारा हो."

आईला विचारलं. मटार सोलता सोलता म्हणाली, "मिळालं म्हणावं. पुढच्या दिवाळीला. मोरपंखी."

मी कॉलेजात असताना दोघींचं फोनवर बोलणं होत असणार. बरं आहे, तिला ओळखी व्हायला हव्यात. माझा नंबर सोडून तिचा त्यांना कुठून मिळाला, एवढंच समजलं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

छत्तीस पुस्तकं गेली.

नागपूरच्या एका मुलाने संदेश पाठवला: "त्या बोरीच्या झाडाचं पुढे काय झालं?" त्याला पाली व्याकरण पाठवलं होतं. व्याकरणाच्या पुस्तकात बोरीचं झाड कुठून येईल? मी लिहिलं, उदाहरणाच्या एखाद्या वाक्यात असेल, मला नक्की आठवत नाही. त्याने हसणारा चेहरा पाठवला.

आई आता दोन भाकऱ्या खाते. शिवणाच्या कामाने भूक लागत असावी. मनोज म्हणतो, "सासूबाई खूश दिसतात, तू काय केलंस?" मी काहीच केलेलं नाही, हे मला त्याला सांगावं लागलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

सगळे झोपल्यावर लिहिते आहे.

आज पोस्टात राखीने माझ्या पुड्यांमधला एक उचलला, कच्च्या टाक्याचा धागा ओढला. तपासणी होती, नेहमीची. देवळ्याच्या ललिता नावाच्या बाईंना जाणारं विहिरींवरचं जुनं पुस्तक. तिने पानं फरफरवली आणि मधून घडी घातलेला कागद पडला. आमच्या कॉलेजचा पाठकोरा कागद. मागच्या बाजूला ग्रंथालयाच्या थकबाकीचा नमुना, माझ्या हातचा.

राखीने वाचला. रांगेतले लोक बघत होते. तिने कागद परत घडी घातला आणि खिडकीतून माझ्याकडे सरकवला. हळूच म्हणाली, "मॅडम, हे काढून ठेवते. पुस्तक जाऊ देते. पण पुढे असं नको हं."

मी बाहेर पायरीवर उभी राहून वाचला. अक्षर आईचं. इथे उतरवून ठेवते, तिच्याच शब्दांत:

"जय भीम. हे पुस्तक आमच्या मिस्टरांनी ब्याऐंशी साली घेतलं. तेव्हा मनमाडला पाणी लय दिवसांनी यायचं. ते म्हणाले आपण अंगणात विहीर खोदू. मी म्हणाले अंगण कुठं हाय. आपली एक खोली. ते म्हणाले वाचायला काय जातं. मग रोज चहाच्या टायमाला ते वाचायचे मी ऐकायची. समदी विहीर आम्ही चहात खोदली. पान छप्पनवर डाग हाय तो माझ्या कपाचा हाय त्यांचा नाय. तुमच्याकडं अंगण असलं तर खोदा. मंगलाबाई."

चार ते नऊ ग्रॅम. एक कागद किंवा दोन.

एक्केचाळीस पुस्तकं. एक्केचाळीस चिठ्ठ्या. सवलतीच्या दरात, माझ्या हाताने, माझ्या नावाने. पायरीवर उभी राहून मी आधी याचाच विचार केला. बाकीचं नंतर सुचलं, हे खरं आहे आणि मला ते आवडलेलं नाही.

घरी येऊन कागद आईपुढे ठेवला. ती घाबरली नाही.

"आई, पुस्तकाच्या दरात चिठ्ठी चालत नाही."

"ठाऊक हाय."

"ठाऊक आहे?"

"वीस वर्षं पोस्टाबाहेर बसले मी, आशे. समद्यांना मीच सांगायची, चिठ्ठी काढा, चिठ्ठी काढा."

"मग?"

तिने सुताचा गुंडा हातात घेतला. "तुझ्या बाबांनी जन्मभर मोजलं. तू बी मोजतीस. म्हटलं, मी एकदा नाय मोजत."

२४ डिसेंबर, बुधवार

काल मी जे बोलले ते लिहिते, सोडून देणं बरं नाही. मी म्हटलं, बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं.

आज तिने दाभण ट्रंकेत ठेवलं. "तू कागदात बांध," म्हणाली. ताटात अर्धी भाकरी. जेवण झाल्यावर म्हणाली, "मला मनमाडला सोड. किल्ली हाय अजून आपल्याकडं."

मनोज कधी नव्हे तो चिडला. "तुझ्या आईने रेल्वे चोरली काय? चिठ्ठीच घातली ना?" मी म्हटलं, नियम आहे. तो म्हणाला, "नियम आहे. मग आता उपायही तूच काढ."

बाकीच्या एक्केचाळीस चिठ्ठ्यांत काय होतं? मी नाव, लेखक, वर्ष, पानं, वजन अशा रकान्यांची यादी केली होती आणि ती पूर्ण आहे असं समजत होते. पातळ. बोरीचं झाड. वत्सलाबाईंना माहीत आहे, नागपूरच्या मुलाला माहीत आहे, मला नाही. विचारायला मी शेजारच्या खोलीत होते.

२९ डिसेंबर, सोमवार

दोन कामं घेऊन पोस्टात गेले. पहिलं: एक्केचाळीस पार्सलांचा सवलतीचा दर आणि साधा दर यातला फरक. गावांची अंतरं काढून, टप्पे लावून तीन दिवस हिशेब केला होता. कागद राखीपुढे ठेवला. तिने तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"मॅडम, हे पैसे मी घेऊ कोणत्या खात्यात? घ्यायला पावतीच नाही माझ्याकडे."

"पण देणं लागतं."

मागे एक काका मनीऑर्डरचा फॉर्म घेऊन उभे होते. ते म्हणाले, "बाई, तिकिटं घ्या तेवढ्याची आणि फाडून टाका. सरकारला पोचले पैसे. आता मला पुढे येऊ द्या."

राखी हसली, पण मला ते पटलं. तेवढ्या रकमेची तिकिटं मागितली. तिने दिली ती सगळी बाबासाहेबांच्या फोटोची.

दुसरं काम: "चिठ्ठी पाठवायची, सगळ्यात स्वस्त काय?"

"पोस्टकार्ड. पन्नास पैसे. वजन नाही, अंतर नाही." तिने सगळ्यात खालचा खण ओढला. "कोणी मागतच नाही, बघा." तळाशी दोन गठ्ठे होते. दोन्ही घेतले. ती म्हणाली, "आजींसाठी का?" मी मान हलवली. "त्या विहिरीवाल्या बाईंनाही एक जाऊ द्या मग, ताई." पहिल्यांदाच ताई म्हणाली.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिकिटं ठेवली आणि पहिली पट्टी फाडायला घेतली. पाच दिवस न बोललेली आई मागून ओरडली, "आशे! कुणाचा फोटो हाय बघ त्याच्यावर! फाडशील तर हात मोडीन!"

मी पट्टी खाली ठेवली. फाडता येईनात, वापरता येईनात. मनोज दारात उभा राहून पोट धरून हसायला लागला. आईने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मग मीही हसले. मला वाटतं, मी हसले ते बरं झालं.

३ जानेवारी २०२६, शनिवार

तिकिटं या वहीत, मागच्या सहा पानांवर चिकटवली. प्रत्येकावर पेनने आजची तारीख घातली, चेहऱ्यावर नाही, कोपऱ्यात. आता ती कुठल्याच पाकिटावर लागणार नाहीत. फेड झाली असं मी धरते.

पोस्टकार्डांचा आईने आधी धिक्कारच केला. "हे उघडं. पोस्टमन वाचंल."

"वाचू दे."

"आणि एवढ्याशात काय मावंल?"

"बारीक लिही."

ती कार्ड उलटसुलट करून बघत होती. मग विचारलं, "आसामला बी आठ आण्यातच?"

"हो."

"आणि देवळ्याला बी?"

"हो."

"मग देवळ्याचे लोक खुळेच," म्हणाली आणि पेन मागितलं.

११ जानेवारी, रविवार

दाभण ट्रंकेतून परत बाहेर आलं. पुस्तक एकीकडून जातं, कार्ड दुसरीकडून. कधी कार्ड आधी पोचतं. एका प्राध्यापकांनी फोन केला, "कार्डावर लिहिलंय, पुस्तकातली मुंगी आमच्याच घरची आहे. पुस्तक अजून आलं नाही. मी मुंगीची वाट बघतोय."

माझ्या यादीत नवा रकाना घातला: 'आई म्हणते'. संध्याकाळच्या चहाला ती एकेका पुस्तकाचं सांगते, मी टाइप करते. गेलेल्या एक्केचाळीसपैकी तेहेतीस आठवली. उरलेली आठवत नाहीत म्हणाली तेव्हा मी म्हटलं, वाचकांना फोटो पाठवायला सांगू का? "नको. त्यांना दिलं ते दिलं."

बोरीचं झाड स्टेशनमास्तरांच्या बंगल्यातलं होतं. बाबा झाडाखाली बसून पाली शिकत, आई बोरं वेचत. झाडाचं पुढे काय झालं, ते मी नागपूरला कळवलं: रूळ वाढवताना तोडलं.

मनमाडचं नाव तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. वीस दिवस उरले आहेत आणि मी ते मोजते आहे. हे योग्य नाही, पण खोटं तरी कसं लिहू?

२४ जानेवारी, शनिवार

काल आईला वसंतपंचमीच्या मुहूर्तावर शेजारच्या बाईंनी, विधवा-सवाष्ण न बघता, हळदीकुंकवाला बोलावलं. ती म्हणाली, "हळदीकुंकू मी घेत नाय, पण चहाला येते." आणि गेली. दोन तास बसली. येताना दोन नवी गिऱ्हाईकं घेऊन आली. एकीला पाककृतींचं पुस्तक हवंय, एकीला काहीही, फक्त कार्ड हवंय.

"शेजारच्या दाराला पोस्टाने कशाला?" मनोजने विचारलं.

"हातानं दिलं तर उत्तर नाय येत," आई म्हणाली.

३१ जानेवारी, शनिवार

आज किल्लीची मुदत. सकाळपासून आईकडे पाहायचं टाळलं. मनोजने सुट्टी घेतली होती. गाडीचं बघून ठेवलंय, तिने म्हटलं तर सोडून येऊ, असं मला हळूच म्हणाला. मी कॉलेजात गेले. यादीत चार पुस्तकं चुकीच्या रकान्यात टाकली.

अकरा वाजता शिपाई डाक घेऊन आला. नियतकालिकं, प्रकाशकांची पत्रकं आणि एक पोस्टकार्ड. वर पत्ता: आशाबाई, ग्रंथालय. अक्षर ओळखायला मला एक क्षण लागला, कारण ते माझ्या नावाने मी कधी पाहिलं नव्हतं.

"जय भीम. तू झालीस तेव्हा दवाखान्याचा काटा बिघडला होता. तुझ्या बाबांनी तुला दुपट्यात गुंडाळून पार्सलच्या काट्यावर ठेवलं. दोन किलो सातशे. तोलायचे आठ आणे खिशातून भरले आणि पावती फाडली. हमाल म्हणाले बाबू भाडं किती झालं. ते म्हणाले भाडं नाय हे कुठं पाठवायचं नाय हे घरीच राहणार. पावती शब्दकोशात हाय. तो शब्दकोश कुणाला देऊ नको. मनमाडची किल्ली पिठाच्या डब्यामागं हाय. तिचं वजन कर. आई."

घरी येऊन शब्दकोश उघडला. पावती नाही. प्रत्येक पान पाहिलं, दोनदा. शिवाय पार्सल ऑफिसचा जमिनीवरचा मोठा काटा. तो शंभर ग्रॅमचा फरक दाखवत असेल असं मला वाटत नाही. अडीच किंवा तीन असणार. आईला विचारलं नाही. यादीत शब्दकोशापुढे 'आई म्हणते' या रकान्यात दोन किलो सातशे लिहिलं.

किल्ली, कडी आणि पाकीट मिळून अठ्ठेचाळीस ग्रॅम. पन्नासच्या आत. आजच्या तारखेचा शिक्का पडला की घरमालकाला चालणार होतं; पोस्ट बंद व्हायच्या आधी पोचायचं म्हणून मनोजने स्कूटर काढली. आई खुर्चीवर बसून पुढच्या पुस्तकाला टाका घालत होती.

मी म्हटलं, "आई, हे पुस्तकाच्या दरात जात नाही. साधं पाकीट आहे. घरमालकाला चिठ्ठी घालायची असेल तर चालते. दोन ग्रॅम आहेत अजून."

तिने दोरा दातांनी तोडला. "कशाला? किल्ली पोचली की कळंल त्याला."